कडब्यातली साखर

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात घोडगंगा सहकारी साखर कारखाना आहे. भीमा आणि घोड या दोन नद्यांमधल्या या पट्ट्यात उसात साखर असते हे कुणाला सांगावं लागत नाही. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघाली की उतारा चांगला पडला म्हणतात. आता त्याच शिवारातली ज्वारीच्या कडब्याची गंज पाहा. शंभर किलो वाळलेल्या कडब्यात साखरेचे रेणू किती असतात? पन्नास ते साठ किलो. ऊस ओला आणि कडबा वाळलेला, त्यामुळे ही बरोबरी काटेकोर नाही. तरी गंजीत साखरेचा केवढा साठा उभा असतो हे लक्षात यायला ती पुरे.

तरीही कडबा चघळला तर गोड लागत नाही. उपाशी माणसाला तो खाऊन जगता येत नाही. साखर आहे, पण जखडलेली. त्यातली किती सुटते यावर सकाळी संकलन केंद्रावर किती दूध जाणार ते ठरतं. वैरणीची प्रत सुधारणं म्हणजे पुष्कळदा तिच्यात नवं काही भरणं नसतंच. आधीपासून आत असलेलं जनावराच्या अंगी लागू देणं असतं. गेल्या शंभर वर्षांत हे साधण्यासाठी माणसांनी काय काय शोधलं ते वाचताना मला दर वेळी थक्क व्हायला होतं.

ज्वारीचं एकच ताट घ्या. वर कणीस, खाली धाट. कणसातल्या दाण्यात पिष्ट भरलेलं असतं, धाटात सेल्युलोज. दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्याच रेणूंच्या लांब साखळ्या आहेत. माल तोच, फरक फक्त जोडणीचा. पिष्टात सगळे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात. सेल्युलोजमध्ये एक सुलटा, पुढचा उलटा, असं शेवटपर्यंत. त्यामुळे पिष्टाची साखळी वळणं घेते, आणि सेल्युलोजची सरळ राहून शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते. आपल्या लाळेतलं विकर पहिली जोडणी सहज तोडतं. दुसऱ्या जोडणीपुढे त्याचं काहीही चालत नाही. रेणू कुठल्या बाजूला वळला एवढ्याशा गोष्टीवर भाकरी आपल्या ताटात आली आणि कडबा गव्हाणीत गेला.

आणि खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. गाईलाही सेल्युलोज पचवता येत नाही. ते तोडणारं विकर तिच्या शरीरात तयारच होत नाही. ती करते काय, तर शंभर लिटरहून मोठं कोठीपोट बाळगते. ते उबदार ठेवते, हवेपासून राखते आणि दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळून त्यातला आंबटपणा आटोक्यात ठेवते. आत राहणारे सूक्ष्मजीव उरलेलं काम करतात. कोठीपोटातल्या एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जीवाणू असतात. जगातली सगळी माणसं मिळून आठशे कोटींच्या आसपास भरतात. म्हणजे गव्हाणीपाशी डोळे मिटून रवंथ करणाऱ्या एका गाईच्या पोटातल्या काही थेंबांत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा मोठी वस्ती असते, आणि ती वस्ती रात्रंदिवस कडब्यावर राबत असते.

या वस्तीतले काही रहिवासी तर कालपरवापर्यंत ओळखूच आले नव्हते. कोठीपोटात शेपटीने पोहणारे काही जीव दिसत. शास्त्रज्ञ त्यांना आदिजीव समजत. १९७५ साली कॉलिन ऑर्पिन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं की ते बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत. प्राणवायूशिवाय बुरशी जगत नाही, असंच तोवर शिकवलं जात होतं. ही बुरशी प्राणवायूशिवायच वाढते, आणि कडब्याच्या कठीण तुकड्यात मुळं घुसवून तो आतून उसवते.

सूक्ष्मजीव साखर खातात आणि टाकाऊ म्हणून आम्लं सोडतात. त्यात सर्वांत जास्त असतं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं. कोठीपोटाच्या भिंतीतून ते रक्तात शिरतं, रक्तातून कासेत जातं, आणि तिथे त्यापासून दुधातली स्निग्धता तयार होते. संकलन केंद्रावर यंत्राच्या काचेवर ३.५ फॅट उमटतं, त्यातला मोठा भाग हा असा चोथ्यातून आलेला असतो. पेंडीचा मारा करून चोथा कमी केला की फॅट का पडते, याचं उत्तर इथे आहे.

प्रथिनांच्या बाबतीत तर आणखी अचंबा वाटावा असा प्रयोग झाला. फिनलंडचे आर्टुरी व्हर्टानेन यांना १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही मुख्यत्वे चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी काही गाईंना प्रथिनं जवळपास नसलेला आहार दिला: शुद्ध पिष्ट, सेल्युलोज, साखर, आणि नत्रासाठी फक्त युरिया व अमोनियाचे क्षार. गाई जगल्या, व्याल्या, दूध देत राहिल्या. १९६६ साली या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोठीपोटातल्या जीवांनी युरियातला नत्र घेऊन स्वतःची शरीरं बांधली, आणि पुढच्या पोटात गाईने ती शरीरं पचवली. आपण गाईला चारतो असं म्हणतो. प्रत्यक्षात आपण तिच्या आतल्या वस्तीला चारतो आणि ती वस्ती गाईला पोसते.

ही वस्ती नीट चालायला चाऱ्यात सातेक टक्के प्रथिन लागतं. कडब्यात ते तीन-चार टक्क्यांवर थांबतं. म्हणून कडब्याबरोबर मूठभर घास टाकला की घासाचं पोषण तर मिळतंच, शिवाय कडबाही जास्त पचतो. शिरूर-दौंडकडे घास म्हणजे लसूणघास. त्यात अठरा-वीस टक्के प्रथिन असतं, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा त्याचा गाजलेला वाण. युरिया मात्र जपून. कुट्टीवर योग्य मात्रेत शिंपडून, एकवीस दिवस दाबून ठेवून तो वापरायचा असतो. थेट किंवा जास्त पोटात गेला तर जनावर तासाभरात दगावू शकतं. कोठीपोट पुरतं तयार न झालेल्या वासरांना तर तो देऊच नये.

मग एवढी मोठी वस्ती असताना कडब्यातली सगळी साखर सुटत का नाही? शेणात धागे दिसतात, ते काय असतं? तिथे लिग्निन आडवं येतं. कुडाच्या भिंतीत जसे काटक्यांवर मातीचं लिंपण असतं, तसं धाटातल्या सेल्युलोजच्या धाग्यांवर लिग्निनचं लिंपण असतं. कोठीपोटातले जीव काटक्या खाऊ शकतात; लिंपण त्यांना खाता येत नाही, आणि ते फोडल्याखेरीज काटकीला हात लागत नाही.

यात वनस्पतीचा दोष काही नाही. चाळीस कोटी वर्षांपूर्वी झाडं पाण्याकाठच्या शेवाळापेक्षा उंच वाढू लागली ती लिग्निनमुळेच. मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत ओढताना नळ्या आत चेपू नयेत म्हणून ते हवं, वाऱ्यात ताट उभं राहायला हवं, कीड शिरू नये म्हणूनही हवं. कणीस जड होऊ लागलं की ताट आपलं धाट आणखी लिंपून घेतं. म्हणून कोवळी वैरण पचते आणि जून झालेली पचत नाही. हिरव्या चाऱ्यासाठी ज्वारी निम्म्या फुलोऱ्यावर कापा, घास दहा टक्के फुलावर कापा, संकरित नेपिअर दर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी कापा, या सगळ्या शिफारशींमागे हेच आहे. आठ दिवस थांबलं तर वजन वाढतं; काटा खूष होतो, कोठीपोट होत नाही. माझ्या मते चारापिकात सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे. तिला ना बियाणं लागतं ना खत, लागतो तो वेळेवर चालवलेला विळा.

लिग्निन मोजायची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात चारा साबणासारख्या द्रावणात उकळायला सुरुवात केली. पहिल्या उकळीत पेशीच्या आतला रस, साखर, प्रथिन निघून जातं आणि भिंती उरतात. दुसऱ्या, आम्ल घातलेल्या द्रावणात भिंतीतला मऊ भाग विरघळतो. मग तीव्र गंधकाम्लात सेल्युलोज जातं, आणि तळाशी जे उरतं ते लिग्निन. चाऱ्याच्या अहवालात आज एनडीएफ आणि एडीएफ असे दोन रकाने दिसतात ते या उकळ्यांचेच आकडे.

आता न्हावऱ्याच्या रब्बीकडे वळू. हा भाग पर्जन्यछायेतला. कालवे-धरणांचं पाणी पोचलं तिथे ऊस आला. जिथे नाही पोचलं तिथे काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर ज्वारी उभी राहते. ही ज्वारी म्हणजे प्रामुख्याने मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण. त्यानंतर हरितक्रांती आली, १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा भारतातला पहिला संकर आला, खरिपात संकरित ज्वारीने रानं व्यापली. रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. शेतकरी जुन्याला चिकटून राहतात, असा ठपका तेव्हा त्यांच्यावर ठेवला गेला. मला वाटतं, तो अन्याय होता. संकरित ज्वारीचं ताट बुटकं, दाणा भरपूर, कडबा थोडा. ज्याच्या दावणीला बैल आणि म्हैस आहे त्याला अर्धं पीक गमावून दाणा वाढवण्यात काय मिळणार होतं? तो दाणा आणि कडबा दोन्ही तोलत होता. पैदासकार अनेक वर्षं फक्त दाणा तोलत राहिले.

कडब्याची प्रतही शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला कळते, याचा पुरावा पुढे हैदराबादेत मिळाला. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेत आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचे मायकेल ब्लूमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या चारा बाजारातून ज्वारीच्या कडब्याचे नमुने वर्षभर गोळा केले. प्रत्येकाचा भाव टिपला आणि प्रयोगशाळेत पचनीयता मोजली. सर्वांत स्वस्त कडब्यातला साधारण ४७ टक्के भाग पचत होता, सर्वांत महागातला ५२ टक्के. फरक अवघा पाच अंकांचा, पण भावात सुमारे पंचवीस टक्क्यांची तफावत. व्यापाऱ्यांकडे ना काचेच्या नळ्या होत्या ना गंधकाम्ल. धाट चिमटून, रंग पाहून, वाजवून, कधी चघळून ते प्रयोगशाळेच्याच क्रमाने भाव लावत होते. २००६ साली हा अभ्यास छापून आला, आणि ज्वारीच्या पैदाशीत कडब्याची प्रत हाही एक मुद्दा बनला.

पाच अंक म्हणजे किती? गाय दिवसाला दहा किलो कोरडा कडबा खाते असं धरा. तेवढ्याच कडब्यातून अर्धा किलो जास्त अन्न तिच्या अंगी लागलं. शिवाय लवकर पचणारी वैरण कोठीपोट लवकर रिकामं करते, त्यामुळे गाय खातेही जास्त.

ताटाची प्रत बाहेरून ओळखण्याची एक खूण पानावरच असते, आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. ज्वारीचं पान हातात घेऊन मधली शीर पाहा. ती पांढरीशुभ्र असेल तर धाटाचा गाभा कोरडा असतो. मळकट हिरवी असेल तर धाट रसाळ. जुन्या शेतकऱ्यांना आणि पैदासकारांना हे माहीत होतं, पण का ते कळलं २०१८ साली, जेव्हा जपानी आणि चिनी शास्त्रज्ञांनी त्यामागचं जनुक शोधलं. हे जनुक चालू असलं की धाटाच्या गाभ्यातल्या पेशी ठरल्या वेळी स्वतःहून मरतात. त्यांच्या जागी हवा भरते, आणि हवा भरलेली शीर प्रकाशात पांढरी दिसते. म्हणजे शीर पाहणारा शेतकरी पेशींचं जिणं-मरण पाहत होता.

तिसराही एक रंग आहे: तपकिरी. १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या शेतावर मक्याची काही ताटं तपकिरी शिरेची निघाली. गंमत म्हणून त्यांची नोंद झाली आणि बियाणं जपलं गेलं. कित्येक वर्षांनी कळलं की या ताटांत लिग्निन कमी आहे. लिग्निन बनवणारं एक विकर बिघडलेलं, त्यामुळे अर्धवट राहिलेला कच्चा माल शिरेत साठून तिला तो रंग येतो. ज्वारीत अशी ताटं नव्हती, म्हणून अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून ती घडवली गेली. १९७८ साली त्यांचा अहवाल आला. बिघाडाचा फायदा असा की तपकिरी शिरेचा चारा कोठीपोटात ठळकपणे जास्त पचतो. हैदराबादच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेने चाऱ्याच्या ज्वारीचा सीएसव्ही ४३ बीएमआर हा वाण याच गुणावर काढला आहे.

मग सगळीकडे तपकिरी शीर का नाही? कारण लिंपण कमी केलं की भिंत हलते. असं ताट वाऱ्यात लोळतं, कधी उत्पादन घटतं. रब्बीच्या काळ्या रानात, हिवाळ्याच्या शेवटी ओल आटते तेव्हा, उभं राहणं हाच ताटाचा मोठा गुण असतो. म्हणून तिथे दुसरी वाट धरली गेली. इथिओपियातल्या ज्वारीच्या वंशातून आलेल्या बी-३५ नावाच्या वाणाची पानं दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात. दुष्काळातही नत्र पानातच टिकतो. इक्रिसॅटने हा गुण महाराष्ट्रातल्या रब्बी वाणात उतरवण्याचं काम केलं. दाण्यासाठी हिरवेपण हवं आणि गव्हाणीसाठीही हवं, अशी ही दुर्मीळ जागा, जिथे दोघांचं भांडण नाही.

वनस्पतीचा बचाव लिग्निनवर संपत नाही. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन जनावर आडवं होतं, त्याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. त्यामागचा पदार्थ धुरीन. १९०२ साली लंडनच्या डन्स्टन आणि हेन्री यांनी तो ज्वारीच्या कोवळ्या ताटांत शोधला. धुरीन स्वतः निरुपद्रवी. पानात ते एका जागी ठेवलेलं असतं आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या जागी. जनावर पान चावतं तेव्हा दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड मोकळं होतं. म्हणजे दात लागेपर्यंत विष तयारच होत नाही. निम्म्या फुलोऱ्यापर्यंत ते बरंच ओसरतं, वाळवल्यावर किंवा मुरघासात आणखी कमी होतं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली धुरीन अजिबात न बनवणारी ज्वारी मिळाल्याचं जाहीर केलं. किराळ लागलेल्या जनावराजवळ घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. पशुवैद्याला तत्काळ बोलवावं, कारण उतारा आहे पण तो मिनिटांत द्यावा लागतो.

गळीत हंगामात या भागात वाड्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा सुकाळ असतो. ऊसतोड कामगारांच्या बैलांना वाडे, उरलेले दूधवाल्यांना विकायला. हिरवेगार दिसतात, जनावर आवडीने खातं. पण त्यात ऑक्झॅलेट असतं. ते आहारातल्या कॅल्शियमला पकडून न विरघळणारा खडा करतं, आणि दुधात रोज कॅल्शियम घालवणारी गाय आतून रिती होत जाते. नेपिअर गवतातही ते असतं. वाड्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, असा सल्ला पशुवैद्य देतात. चुना म्हणजे कॅल्शियम. ऑक्झॅलेटचा हात आधीच भरला की गाईचं कॅल्शियम वाचतं. आणखी एक सोबती आतही आहे. केवळ ऑक्झॅलेटवर जगणारा जीवाणू कोठीपोटात सापडला, १९८५ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. वाडे हळूहळू वाढवत नेले तर त्याची संख्या वाढते. एकदम भारा टाकला तर त्याला वेळच मिळत नाही.

न्हावऱ्यापासून भीमा ओलांडून चौफुल्याला गेलं आणि सोलापूर रस्त्याने पश्चिमेला वळलं की उरुळी कांचन लागतं. गांधीजींनी १९४६ साली तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवलं. मणिभाईंनी १९६७ साली बाएफ संस्था उभी केली, संकरित गाई घरोघर पोचवल्या. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाय बदलली तसं वैरणीचं अपुरेपण उघडं पडलं. दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईला जो कडबा पुरत होता तो पंधरा-वीस लिटरवालीला कसा पुरणार? म्हणून बाएफ चाऱ्याकडे वळली. बीएनएच-१० हे संकरित नेपिअर आणि अनेक कापण्यांची बाएफ बाजरी-१ ही तिथली पिकं. संकरित नेपिअरची कूळकथा छोटी पण मजेदार आहे. बाजरीत चौदा गुणसूत्रं, हत्तीगवतात अठ्ठावीस, संकरात एकवीस. एकवीसची समान वाटणी होत नाही, म्हणून त्याला बी धरत नाही. महाराष्ट्रातल्या बांधाबांधांवरचं हे गवत कांड्या आणि ठोंब हातोहात देऊनच पसरलं आहे.

बाएफने १९७० च्या दशकात सुबाभूळही आणली. पाल्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिन, कोरडवाहूत वाढणारी. पण तिच्यात मिमोसिन असतं. फार खाल्लं तर केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडत आणि हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स यांना शंका आली की फरक झाडात नाही, शेळीतही नाही, तिच्या कोठीपोटात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथल्या जनावरांच्या पोटात सोडले. विषबाधा थांबली. एका जनावरातून दुसऱ्यात तो जीवाणू आपोआप पसरत गेला. १९९२ साली त्याला सिनर्जिस्टिस जोन्सिआय हे नाव दिलं गेलं. पिकाला हात न लावता पिकाचं पोषणमूल्य वाढलं, याहून मोठं आश्चर्य मला या विषयात सापडलेलं नाही.

आता गावोगाव दिसणाऱ्या मुरघासाच्या पिशव्यांबद्दल थोडंच. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी दाबून हवा काढायची. आतले जीवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि आंबटपणा इतका वाढतो की कुजणं थांबतं. व्हर्टानेन बाहेरून आम्ल ओतून जे साधत तेच इथे फुकट होतं. पण मुरघास प्रत राखतो, वाढवत नाही. जून मका दाबला तर जून मकाच निघतो.

या परिसरात माणूस जनावरांसाठी किती काळ राबतो आहे याची खूणही जवळच आहे. शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ पासून पुढे पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, सातूची शेती, गुराढोरांची हाडं, आणि मातृमूर्तीसोबत ठेवलेला मातीचा बैल. पुढच्या कोरड्या शतकांत शेती आखडली आणि लोक पशुपालनाकडे अधिक झुकले, असं संशोधकांचं म्हणणं आहे. पाऊस हटला की दाण्याआधी वैरणीचा प्रश्न उभा राहतो, हे या खोऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) काही सेकंदांत मोजून भाव ठरतो, पण कडबा अजून पेंढ्यांच्या शेकड्यावर विकला जातो आणि हिरवा चारा टनावर. मोजायची सोय नाही असंही नाही. १९७६ साली कार्ल नॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वाळलेल्या चाऱ्यावर अवरक्त प्रकाश टाकून, परतलेल्या प्रकाशावरून त्याची पचनीयता सांगता येते. ना उकळणं, ना आम्ल. एका नमुन्याला मिनिटभर पुरतं. ही यंत्रं आज विद्यापीठांत आणि पशुखाद्य कारखान्यांत आहेत. चाऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीवर हेक्टरी उत्पादनाशेजारी पचनीयतेचा आकडा छापणं सक्तीचं व्हावं, आणि तालुक्याला एक तरी असं यंत्र शेतकऱ्यांसाठी खुलं असावं. सुरुवात ज्वारीपासूनच करता येईल: भारी रानात मालदांडी, फुले वसुधा आणि फुले रेवती शेजारी शेजारी पेरायच्या, फेब्रुवारीत काढणी झाली की तिन्हींचा कडबा त्या प्रकाशाखाली धरायचा, आणि निघालेले आकडे त्याच आठवड्यात गावच्या संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहायचे.